लॅपटॉप गेटवर अडतो, फाईल अडत नाही : मिहानमधून रोज होणाऱ्या 'न दिसणाऱ्या' निर्यातीची गोष्ट

नागपूरहून वर्धा रोडने निघालं की खापरीच्या आसपास मिहान लागतं. मिहानचं पूर्ण नाव मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर. नावातच कार्गो आहे, कारण मूळ कल्पनाच माल वाहण्याची होती. देशाच्या मध्यावर असलेलं शहर, जवळ विमानतळ, रस्ते आणि रेल्वे. माल इथे उतरेल आणि इथूनच जगभर जाईल, असा विचार होता. त्यासाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव अशा गावांच्या जमिनी प्रकल्पात गेल्या.

आज मिहानमध्ये विमान दुरुस्तीचं केंद्र आहे, एम्स आहे, आयआयएम आहे. पण सकाळी गळ्यात ओळखपत्र अडकवून टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, हेक्सावेअरच्या इमारतींकडे निघालेली पोरं-पोरी जो माल तयार करतात, तो ना विमानात चढतो ना ट्रकमध्ये. तो असतो फाईल. ती दूरच्या सर्व्हरवरून इथे येते, तिच्यावर काम होतं आणि ती परत जाते. येण्या-जाण्यासाठी लागते एका ओळीची कमांड.

गंमत अशी की सेझमधून साधा लॅपटॉप बाहेर न्यायचा तर नियम आहेत, परवानगी आहे, नोंद आहे. पण लॅपटॉपपेक्षा कितीतरी जास्त किमतीची फाईल गेटवरच्या कुणालाही न दिसता बाहेर जाऊ शकते.

हा विषय आत्ताच का? तर वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, म्हणजे डीपीडीपी कायदा, २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत मिळाली. म्हणजे मे २०२७ पर्यंत प्रत्येक कंपनीला, बँकेला, हॉस्पिटलला एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं लागणार आहे. तुमच्या सर्व्हरवरून कोणती फाईल कुणी, कधी आणि कशासाठी उतरवली?

रिमोट सर्व्हरवरून फाईल आणतात म्हणजे नेमकं काय करतात?

रिमोट सर्व्हर म्हणजे दुसरीकडे असलेला कॉम्प्युटर. तो मुंबईत असेल, फ्रँकफर्टमध्ये असेल किंवा व्हर्जिनियात. त्याला बहुतेक वेळा ना स्क्रीन असते, ना माऊस. त्याच्याशी बोलायचं तर काळ्या स्क्रीनवर टाईप करून बोलायचं. तुम्ही मोबाईलवर 'डाउनलोड'चं बटण दाबता तेव्हा आतून जे होतं, तेच इथे लिहून सांगावं लागतं.

या कमांडची रचना सोपी असते. आधी कोणतं काम करायचं, मग फाईल कुठून घ्यायची, मग कुठे ठेवायची. समजा 'एससीपी' ही कमांड वापरायची आहे. तर आधी एससीपी लिहायचं, जागा सोडून सर्व्हरचा पत्ता आणि तिथल्या फाईलचं नाव, पुन्हा जागा सोडून शेवटी एक टिंब. त्या टिंबाचा अर्थ 'इथे', म्हणजे मी आत्ता ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे.

अशा कमांड बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीचं काम थोडं वेगळं आहे.

एफटीपी : सगळ्यात जुनी. सर्व्हरवर जायचं, 'गेट' म्हटलं की फाईल येते, 'पुट' म्हटलं की जाते.

एससीपी आणि एसएफटीपी : काम तेच, पण सगळं कुलूपबंद पाकिटातून.

आरसिंक : दोन्हीकडच्या फाईलची तुलना करून फक्त बदललेला भाग आणते. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ती बनवली. बॅकअपसाठी हिचा मोठा वापर होतो.

डब्ल्यूगेट आणि कर्ल : वेबच्या पत्त्यावरून फाईल आणणाऱ्या. डब्ल्यूगेट १९९६ ची, क्रोएशियाच्या ह्र्वोये निकशिचची. कर्ल १९९८ ची, स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गची. स्टेनबर्गला सुरुवातीला फक्त चॅटवरच्या मित्रांसाठी चलनाचे दर इंटरनेटवरून आपोआप आणायचे होते. तेच कर्ल आज जगभरच्या असंख्य उपकरणांत आहे.

या गोष्टी फक्त आयटीवाल्यांकडे असतात असंही नाही. २०१८ पासून विंडोज १० मध्ये कर्ल आणि एससीपी आधीपासून बसवलेले येतात. म्हणजे तुमच्या घरच्या लॅपटॉपमध्येही ते असण्याची शक्यता मोठी आहे.

याची सुरुवात एका भारतीयाने केली

अभय भूषण हे नाव फार कुणाला माहीत नसतं. अलाहाबादचा हा मुलगा आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचमधून १९६५ मध्ये इंजिनिअर झाला आणि अमेरिकेत एमआयटीत गेला. तेव्हा इंटरनेट नव्हतं. त्याचं आधीचं रूप असलेलं अर्पानेट नुकतं उभं राहत होतं. वेगवेगळ्या कंपन्यांचे अवाढव्य कॉम्प्युटर एकमेकांना जोडले गेले, पण एकाची फाईल दुसऱ्याला कळेल अशी द्यायची कशी, हा प्रश्न होता.

१६ एप्रिल १९७१ ला भूषण यांनी 'आरएफसी ११४' नावाचा दस्तऐवज लिहिला. फाईल ट्रान्सफर प्रोटोकॉल, म्हणजेच एफटीपीची ती पहिली मांडणी. आज आपण जे वेब वापरतो ते यायला अजून जवळपास २० वर्षं बाकी होती.

एफटीपीची पद्धत दोन फोन लाईनसारखी आहे. एका लाईनवर सूचना द्यायच्या, दुसऱ्या लाईनवरून माल पाठवायचा. १९८५ मध्ये 'आरएफसी ९५९' ने तिला पक्कं रूप दिलं आणि पुढची अनेक वर्षं जग त्यावर चाललं.

पण त्यात एक मोठी अडचण होती. एफटीपी युजरनेम आणि पासवर्ड उघडे पाठवते. पोस्टकार्डावर घराच्या कुलपाचा नंबर लिहून पाठवावा, तसं. वाटेत कुणीही वाचू शकतं. १९७१ मध्ये याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण नेटवर्कवर मोजक्या विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे लोक होते.

१९९५ मध्ये फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असे पासवर्ड चोरून ऐकत होतं. तिथल्या टाटू युलेनेन नावाच्या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून एसएसएच बनवलं. दोन कॉम्प्युटरमधलं सगळं बोलणं यात सांकेतिक रूपात जातं. त्यासाठी त्याने २२ नंबरचं पोर्ट मागून घेतलं, कारण २१ वर एफटीपी होतं, २३ वर टेलनेट होतं आणि मधली जागा मोकळी होती. एससीपी आणि एसएफटीपी या कमांड याच एसएसएचच्या आधाराने चालतात.

एफटीपी मात्र लगेच गेलं नाही. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरनी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला तो थेट २०२१ मध्ये.

मग याचा मिहानशी संबंध काय?

त्यासाठी आधी मुंबईला जावं लागेल. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ सुरू झालं आणि भारताच्या सॉफ्टवेअर निर्यातीची सुरुवातही तिथलीच मानली जाते. पण तेव्हा सॉफ्टवेअर म्हणजे हातात धरता येणारी वस्तू होती. चुंबकीय टेपवर प्रोग्राम भरायचा, टेप खोक्यात घालायची, कस्टमची कागदपत्रं करायची आणि विमानाने पाठवायची. किंवा मग प्रोग्रामरलाच विमानात बसवायचं.

१९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बंगळुरूला आली आणि तिने उपग्रहाची थेट लिंक घेतली. इथला इंजिनिअर काम करणार आणि फाईल थेट अमेरिकेत पोहोचणार. १९९१ मध्ये सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया, म्हणजे एसटीपीआय सुरू केलं आणि लहान कंपन्यांनाही अशा लिंक मिळायला लागल्या. नागपुरातही एसटीपीआयचं केंद्र झालं.

त्या काळात ६४ केबीपीएसची लिंक म्हणजे चैन होती. हिशोब करून बघा. एक जीबीची फाईल त्या वेगाने यायला साधारण ३५ तास लागतील. आज १०० एमबीपीएसच्या घरगुती कनेक्शनवर तीच फाईल दीड मिनिटाच्या आत येते.

आता सरकारपुढे पेच आला. टेप कस्टममधून जात होती, त्यामुळे निर्यात झाली हे कळत होतं. फाईल तारेतून गेली तर निर्यात झाली हे कसं ओळखायचं? डॉलर आले ते कशाचे? यावर तोडगा म्हणून रिझर्व्ह बँकेच्या व्यवस्थेत 'सॉफ्टेक्स' नावाचा फॉर्म आला. डेटा लिंकवरून किती किमतीचं सॉफ्टवेअर बाहेर गेलं हे कंपनीने त्यात लिहायचं आणि एसटीपीआयने किंवा सेझच्या विकास आयुक्तांनी ते प्रमाणित करायचं.

म्हणजे सरकारने फाईलला 'माल' मानलं. पण हा हिशोब होता किमतीचा. फाईलमध्ये काय आहे, ती कुणाच्या हाताने गेली आणि तिची आणखी एखादी प्रत निघाली का, हे सॉफ्टेक्स सांगत नाही. हे सांगायची जबाबदारी राहिली कंपनीवर आणि कंपनीच्या सर्व्हरवर.

मिहानचा सेझ उभा राहिला तो याच व्यवस्थेत. २००५ च्या सेझ कायद्यानुसार सेझमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या वस्तूंवर लक्ष ठेवायची पक्की पद्धत आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळे घरी बसून काम करायला लागले, तेव्हा याच वस्तूंच्या नियमांची अडचण झाली. सेझमधला लॅपटॉप घरी नेऊन काम करायचं तर ते चालेल का? शेवटी जुलै २०२२ मध्ये सेझच्या नियमांत '४३-अ' हा खास नियम घालावा लागला. त्या सगळ्या चर्चेत लॅपटॉप कुठे आहे याला महत्त्व होतं. फाईल मात्र सर्व्हरवर होती आणि कर्मचारी उमरेडला असो की यवतमाळला, त्याच एका कमांडने तिच्यापर्यंत पोहोचत होती.

कमांड 'का' असं विचारत नाही

सगळा मुद्दा इथे येतो. एससीपी किंवा डब्ल्यूगेट तुम्हाला फाईल कशासाठी हवी असं विचारत नाही. सर्व्हर फक्त तुमच्याकडे चावी आहे का ते बघतो. चावी असेल तर दार उघडतं. एक फाईल न्या किंवा अडीच लाख.

हे आकडे उगाच नाहीत. चेल्सी मॅनिंग ही अमेरिकी लष्करातली विश्लेषक २०१० मध्ये इराकमध्ये होती. तिने अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या अडीच लाखांहून जास्त केबल, म्हणजे अंतर्गत संदेश, बाहेर काढले आणि ते विकिलिक्सकडे गेले. २०१३ च्या लष्करी खटल्यात समोर आलं की त्यासाठी तिने डब्ल्यूगेट वापरलं होतं. त्यात काही हॅकिंग नव्हतं. ते संदेश वाचायची परवानगी तिला होतीच. एक-एक उघडून वाचणं आणि सगळे एकदम उतरवून घेणं यातला फरक त्या यंत्रणेला कळत नव्हता, एवढंच.

मॅनिंगने केलं ते योग्य की अयोग्य यावर आजही वाद होतो. पण त्यानंतर जगभरच्या कंपन्यांना एक गोष्ट कळली. परवानगी असलेला माणूस अचानक नेहमीच्या शंभरपट फाईल उतरवायला लागला, तर ते लगेच दिसलं पाहिजे.

महाराष्ट्राला याचा चटका आधीच बसला होता. २००५ मध्ये पुण्यातल्या एका बीपीओच्या काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकी ग्राहकांचे पासवर्ड मिळवून त्यांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवले. तिथे कमांडही लागली नाही, ग्राहक फोनवर बोलत होते. पण त्यानंतर अनेक कॉल सेंटरच्या फ्लोअरवर वही, पेन आणि मोबाईल न्यायला बंदी आली.

भारतीय कायद्यात 'डाउनलोड' हा शब्दच आहे

अनेकांना वाटतं, मी काही पळवलं नाही, फक्त कॉपी केली, मूळ फाईल तर जागेवरच आहे. कायदा असं मानत नाही.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमधला डेटा डाउनलोड केला, कॉपी केला किंवा काढून घेतला तर भरपाई द्यावी लागते. तेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवण्याच्या हेतूने केलं तर कलम ६६ लागतं. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मिहानमध्ये पहिली नोकरी लागलेल्या पोरांसाठी हा मुद्दा कामाचा आहे. नोकरी सोडताना 'मीच लिहिलेला कोड' म्हणून एक झिप फाईल स्वतःच्या ड्राईव्हवर टाकायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. पण नोकरीत लिहिलेला कोड सहसा कंपनीचा किंवा तिच्या ग्राहकाचा असतो. हेतू वाईट नसला तरी परवानगी नव्हती, हे लॉगमध्ये तारीख-वेळेसकट राहतं.

मग फाईल चोरीला जातात कुठून?

सिनेमात दाखवतात तसा हुडी घातलेला हॅकर कुलूप तोडत बसतो, असं फार कमी वेळा होतं. खरे रस्ते साधे आहेत.

पहिला रस्ता, दारच उघडं. एफटीपीत 'अनॉनिमस' नावाची सोय होती. युजरनेम अनॉनिमस, पासवर्ड काहीही. सार्वजनिक फाईल वाटायला ती उत्तम होती. पण मार्च २०१७ मध्ये एफबीआयला अमेरिकेतल्या दवाखान्यांना इशारा द्यावा लागला की तुमच्या पेशंटची माहिती अशाच उघड्या एफटीपी सर्व्हरवर पडून आहे. आपल्याकडेही जानेवारी २०१९ मध्ये टेकक्रंचने बातमी दिली की स्टेट बँकेच्या एका एसएमएस सेवेचा मुंबईतला सर्व्हर पासवर्डशिवाय उघडा होता. कळवल्यावर तो बंद झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये अपगार्ड या संस्थेच्या संशोधकांना क्लाऊडवर भारतीय ग्राहकांच्या बँक व्यवहारांच्या सुमारे २ लाख ७३ हजार पीडीएफ फाईल उघड्या सापडल्या. या फाईल उतरवायला ना चावी लागत होती ना पासवर्ड. पत्ता माहीत असला की झालं.

दुसरा रस्ता, मधला हमाल. कमांड लिहायची कटकट नको म्हणून मोठ्या संस्था फाईल पाठवायला तयार सॉफ्टवेअर घेतात. मूव्हइट हे असंच एक. मे २०२३ मध्ये क्लॉप नावाच्या टोळीने त्यातली एक चूक शोधली. बीबीसी आणि ब्रिटिश एअरवेजचा डेटा गेला, तोही थेट त्यांच्याकडून नाही, तर त्यांचे पगार करणाऱ्या कंपनीकडून. जगभरात अडीच हजारांहून जास्त संस्था आणि नऊ कोटींहून जास्त लोक यात सापडले. यातल्या बहुतेकांनी मूव्हइटचं नावही ऐकलं नसेल.

तिसरा रस्ता, चावी मागून घेणं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या क्लोरॉक्स कंपनीने कॉग्निझंटवर ३८ कोटी डॉलरचा दावा लावला. क्लोरॉक्सचं म्हणणं असं की २०२३ मध्ये कुणीतरी हेल्पडेस्कला फोन केला आणि ओळख न पटवता त्याला पासवर्ड बदलून दिला गेला. कॉग्निझंटने आरोप फेटाळले आणि आपलं काम मर्यादित होतं असं सांगितलं. निकाल काहीही लागो, हेल्पडेस्कचं काम भारतीय आयटी कंपन्या मोठ्या प्रमाणात करतात, त्यामुळे हा दावा सगळ्यांनी लक्ष देऊन वाचला.

आणि चौथा रस्ता सर्वात साधा. एसएसएचची चावी म्हणजेही एक छोटी फाईल असते. ती ईमेलने पाठवली, व्हॉट्सॲपवर टाकली किंवा चुकून कोडसोबत इंटरनेटवर ठेवली की कुलूप कितीही मजबूत असलं तरी उपयोग नाही.

नव्या कायद्याने काय बदलणार?

सर्ट-इन ही सायबर सुरक्षेची सरकारी यंत्रणा. तिने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं की अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं आणि लॉग १८० दिवस जपायचे. डीपीडीपी नियमांनी लॉग जपायची मुदत किमान एक वर्ष केली. डेटा फुटला तर ज्यांचा डेटा आहे त्यांना विनाविलंब सांगायचं आणि डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यायचा. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

आता मिहानसाठी महत्त्वाची मेख. तिथलं बरंचसं काम परदेशी ग्राहकांचं असतं. एखाद्या जर्मन किंवा अमेरिकी माणसाचा डेटा परदेशी कंपनीशी करार करून भारतात हाताळला जात असेल, तर कलम १७ त्याला कायद्याच्या बऱ्याच तरतुदींतून सूट देतं. संमती घेणं वगैरे गोष्टी लागू होत नाहीत. आयटी उद्योगाला हे हवंच होतं.

पण त्याच कलमात एक अपवाद ठेवलाय. कलम ८ मधली डेटा सुरक्षित ठेवायची जबाबदारी कायम राहते. म्हणजे डेटा परदेशातल्या माणसाचा आहे म्हणून सर्व्हरचं दार उघडं ठेवलं तर चालणार नाही. वर युरोपच्या ग्राहकाचा स्वतःचा जीडीपीआर कायदा असतो, तो करारातून इथपर्यंत येतो.

आणि डेटा परदेशी लोकांचाच असतो असं कुठे आहे? मिहानमधल्याच एम्सचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं. त्याच्या साधारण अडीच आठवडे आधीच दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला होता. पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टीबी डेटा हल्लेखोरांनी कुलूपबंद केला. कित्येक दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला, कारण त्याची प्रत असलेला बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून सुटला होता. फाईल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेमाने नेऊन ठेवणारं कंटाळवाणं काम इतक्या लोकांच्या उपयोगी पडलं.

तुम्ही हे काम करत असाल किंवा शिकत असाल तर

१. साधी एफटीपी टाळा. एसएफटीपी किंवा आरसिंक एसएसएचवरून वापरा. एससीपीची मूळ पद्धत आता जुनी झाल्याचं ती सांभाळणारे ओपनएसएसएचचे लोकच सांगतात. २०२२ पासून त्यांची एससीपी आतून एसएफटीपीच वापरते.

२. एंटर दाबायच्या आधी 'कुठून' आणि 'कुठे' पुन्हा वाचा. आरसिंकला डिलीटचा पर्याय देऊन दिशा उलटी झाली, तर रिकामं फोल्डर भरलेल्या फोल्डरवर फिरतं आणि सगळं पुसलं जातं. आधी 'ड्राय रन' करून बघता येतं, ते करा.

३. पहिल्यांदा सर्व्हरला जोडताना तो ओळखीचा ठसा दाखवून 'येस' लिहायला सांगतो. जवळपास सगळेच न वाचता येस लिहितात. तो ठसा खरा आहे का, हे सर्व्हर सांभाळणाऱ्याला विचारा.

४. फाईल आल्यावर तिचा चेकसम जुळवा. वाटेत एक अक्षर जरी बदललं असेल तर लगेच कळतं.

५. चावीची फाईल कुणाला पाठवू नका, आणि आपल्या चावीने दुसऱ्याला काम करू देऊ नका. लॉगमध्ये नाव तुमचंच राहतं.

६. नोकरी सोडताना काही न्यायचं असेल तर लेखी परवानगी घ्या.

आणि आयटीत नसाल तर?

तर तुम्ही फाईल आहात. बँकेचा व्यवहार, हॉस्पिटलचा रिपोर्ट, विम्याचा अर्ज, हे सगळं कुठल्यातरी सर्व्हरवर पडलेलं असतं आणि रोज इकडून तिकडे जात असतं. १९७१ पासून फाईल नेण्याच्या पद्धती कितीतरी सुधारल्या. वाटेत पाकीट फोडणं आता खूप अवघड झालंय. पण पाकीट उचलायची परवानगी किती जणांना आहे, आणि कुणी उचललं याची वही कोण तपासतं, यात तितकी सुधारणा झालेली नाही.

मे २०२७ नंतर तुम्हाला बँकेला किंवा हॉस्पिटलला विचारायचा हक्क असेल की माझा डेटा कुणाकुणाला दिला. त्या प्रश्नाचं उत्तर वरच्या अधिकाऱ्याच्या डोक्यात नसतं. ते सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं. लॉग ठेवला असेल, आणि कुणी वाचत असेल, तरच ते मिळेल.